नाकातले पाणी

आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वाक्यांखाली लाल रेघा ओढणाऱ्या बाईने निवृत्तीनंतर स्वतःच लिहायला बसावे, यात मला थोडा आगाऊपणा दिसतो. तो करण्यापूर्वी वाचकांची क्षमा मागणे मला आवश्यक वाटते. मी पदार्थविज्ञान शिकवले, साहित्य नव्हे. शिवाय विषय असा, की तो ऐकून माझी एकुलती एक मैत्रीणही गोंधळली: वेगाने जाणाऱ्या नावेमागे दोर धरून, पायांत काहीही न घालता, पाण्यावर उभे राहताना नाकात पाणी जाऊ नये म्हणून काय करावे. आपल्याकडे हे किती जणांच्या उपयोगाचे आहे, कोण जाणे. पण माझ्या आयुष्यातली एक गोष्ट याच वाटेने घडली, आणि मला ती दुसऱ्या कोणत्या वाटेने सांगता येत नाही.

गोष्ट एवढीच होती की वडिलांनी एकदा मला धीराचे काहीतरी करताना पाहावे, असे मला वाटत होते. पंचेचाळिशी उलटलेल्या, स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या बाईला असे वाटावे हे हास्यास्पद आहे, हे मला तेव्हाही कळत होते. कळण्याने इच्छा कमी होत नाही.

आमचे गाव सिल्लोड रस्त्यापासून आत. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी दहा-बारा वर्षांचे असलेले माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, पुढे त्या गावातले बऱ्यापैकी जमीन राखून असलेले शेतकरी झाले. आमच्या मळ्यातली विहीर मोठी होती आणि उन्हाळ्यात भावकीतल्या मुलांना पोहायला शिकवण्याचा कार्यक्रम तिथे चाले. आबा मुलांच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून त्यांना पाण्यात ढकलत. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी असेच ढकलले, तेव्हा तो जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. मी त्याच्याहून बरीच मोठी. माझ्याकडे काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळण्याचे काम असे. मलाही शिकायचे आहे, असे मी एकदा म्हणून पाहिले.

“तुला कशाला गं? तू लई भित्री,” आबा म्हणाले.

त्या दिवसापर्यंत मी भित्री आहे हे मला माहीत नव्हते. त्यानंतर मात्र मी ते कसोशीने पाळले.

मी कॉलेजात असताना धरण झाले आणि घर, मळा, विहीर सगळे पाण्याखाली गेले. वरच्या अंगाला खडकाळ माळाचा एक पट्टा तेवढा उरला. आबा आम्हाला घेऊन शहरात आले आणि चिकलठाण्याला घर बांधून राहिले. सरकारी नोकरीसाठीचा धरणग्रस्ताचा दाखला घरात एकालाच मिळे. तो भावाच्या नावे झाला. त्या दाखल्याचा त्याला पुढे काही उपयोग झाला नाही, कारण त्याला नोकरी करायचीच नव्हती. मला माझ्या गुणांवर प्राध्यापकी मिळाली. तिचा घरातला उल्लेख “तिचं नशीब चांगलं” असा होत असे. माझे लग्न झाले नाही. त्याची कारणे इथे नकोत.

पुढे त्या उरलेल्या माळाचीही वेळ आली. आमच्याकडे बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात. भावजयीने माझी ओटी भरली, नवी साडी नेसवली, आणि रजिस्ट्री कचेरीत जाऊन मी सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. जबरदस्ती करावी लागत नाही, हेच तर त्या रिवाजाचे वैशिष्ट्य. माळाला खेटून आता धरणाचे पाणी होते, आणि आबांनी धरण भरल्या दिवसापासून त्या पाण्याकडे पाऊल टाकलेले नव्हते. नव्या जागी वसलेल्या गावची यात्रा असली तरी, पाणी दिसू नये म्हणून, ते लांबच्या रस्त्याने जात.

चाळिशीत माझी पाठ धरली. डॉक्टरांनी पोहायला सांगितले, म्हणून मी शहरातल्या तलावावर बायकांच्या वेळेत जाऊ लागले आणि कोणालाही न विचारता पोहायला शिकले. माझ्या आयुष्यात कोणालाही न विचारता केलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत. ही त्यांतली पहिली म्हणता येईल.

भावाचा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या वस्तू बनवण्याचा कारखाना होता. त्याच्या डोक्यात आले की माळावर जलक्रीडा केंद्र काढावे. त्याने एक जुनी वेगाची नाव विकत आणली, तिचे इंजिन नवे बसवले, आणि बाहेर कुठे कुठे स्पर्धांत भाग घेतलेला एक प्रशिक्षक नेमला. हा प्रशिक्षक शहरातलाच, पंचविशी-तिशीचा, बोलण्यात निम्मे हिंदी मिसळणारा. भावाने मला एक रविवार सहज म्हणून नेले. पायांना फळ्या बांधून, नावेमागे दोर धरून मी दुसऱ्या प्रयत्नातच उभी राहिले. माझे वजन कमी आणि पाय अनेक वर्षांच्या योगासनांनी बरे होते, एवढेच त्याचे कारण. पण नावेत बसलेले दोघे माझ्याकडे पाहतच राहिले, आणि मला ते आवडले, हे लपवून उपयोग नाही.

मग प्रशिक्षकानेच भावाच्या डोक्यात भरवले. फळ्यांवर तर कोणीही उभे राहते. उद्घाटनाला एखादी बाई नुसत्या पायांनी पाण्यावर उभी राहिली तर लोक लक्षात ठेवतील.

“बाईमाणूस, आन् तेबी अनवाणी,” भाऊ म्हणाला. “पेपरात फोटो येतो का नाय ते बघ आक्का.”

“माझं वय काय आणि तू सांगतोस काय,” मी म्हणाले.

“पाण्याला काय वय कळतंय व्हय? आन् ऐक. आबा येणार हायेत उद्घाटनाला.”

मला खरे वाटले नाही. “आबा? धरणावर?”

“व्हय. मी इचारलं तर म्हणले, तुझं काम हाय तर येतो.”

मी हातातला दोर गुंडाळून ठेवला. मग विचारले, “मी उभी राहणार आहे, हे त्यांना सांगशील?”

“सांगतो की,” तो म्हणाला.

पावसाळा संपून धरण भरलेले होते. प्रत्येक रविवारी आणि सुट्टीला मी तिथे जाऊ लागले. ही कला ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. पायाखाली फळी नसेल तर पाणी माणसाला तोलून धरण्यासाठी नावेचा वेग फार वाढवावा लागतो; त्या वेगाला पाणी तळव्यांना फरशीसारखे लागते. सुरुवात पाठीवर निजून करायची. मान मागे टाकायची, पाय दोरावर ठेवायचे आणि नाव ओढू लागली की तसेच पाठीवर घसरत जायचे. त्या वेळी सगळे पाणी चेहऱ्यावरून जाते. वेग आला की उठून बसायचे, टाचा अलगद टेकवायच्या, आणि गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखे उभे राहायचे. यातले काहीही चुकले की माणूस तोंडावर आपटतो, आणि त्या वेगात पाणी नाकात जात नाही, ते नाकात ठोकले जाते. डोळ्यांच्या मागे, कपाळाच्या आत, थेट टाळूपर्यंत कोणीतरी तापलेली सळई घातल्यासारखे वाटते. काही क्षण आपण कोण, कुठे, वर कुठले आणि खाली कुठले, काही कळत नाही.

पहिल्या दिवशी मी किती वेळा पडले ते मोजण्याच्या मनःस्थितीत नव्हते. घरी येऊन परीक्षेचे पेपर तपासायला खाली वाकले तर नाकातून धार लागली आणि एका विद्यार्थ्याचे उत्तर वाहून गेले. त्याला मी पूर्ण गुण दिले.

प्रशिक्षकाकडे याचे उत्तर नव्हते. “सबको जाता है मॅडम. आदत होऊन जाते,” तो म्हणायचा. फार विचारले तर, “श्वास रोखा.” मी श्वास रोखून पाहिला. पण रोखलेला श्वास म्हणजे बंद दार नव्हे. आपटण्याचा धक्का बसला की छातीतली हवा नको तिथून निसटते आणि तिच्या जागी पाणी शिरते. पोहण्याच्या तलावावर मिळतो तो नाकाचा चिमटा मी लावला, तर पहिल्याच फवाऱ्यात तो उडून धरणार्पण झाला. कापसाचे बोळे खोबरेल तेलात भिजवून नाकात घातले. ते पाणी पिऊन फुगले आणि निघेनात. शेवटी भावजयीने भुवया कोरण्याच्या चिमट्याने ते ओढून काढले. “वन्सं, शाळा शिकून माणूस असं करतं का ओ?” ती म्हणाली. तिचे चुकले नव्हते.

आणि मग मी जी चूक केली, ती बहुधा माझ्यासारखी बाईच करू शकते. मी गेली अनेक वर्षे रोज सकाळी जलनेती करत होते. आमच्या वसाहतीतल्या मंदिराच्या सभागृहात योगवर्ग चाले, तिथे ती शिकवली होती. कोमट मिठाचे पाणी नळीच्या तांब्यात घ्यायचे, मान एका बाजूला कलती करायची, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा, आणि एका नाकपुडीतून ओतलेले पाणी दुसरीतून बाहेर येऊ द्यायचे. मी असा विचार केला, की जिच्या नाकातून रोज तांब्याभर पाणी आरपार जाते तिच्या नाकाला पाण्याची भीती कसली? नाक अजून पुरेसे तयार झालेले नाही, एवढेच. म्हणून मी दिवसातून दोनदा नेती करू लागले. पाणी जास्त घेऊ लागले. पाणी कोमटाऐवजी थंड घेऊ लागले, धरणाचे असते तसे. योगवर्गातल्या बायकांना मी काहीच सांगितले नव्हते. त्यांना वाटले, बाई आता फार पुढच्या पायरीवर गेल्या.

परिणाम उलटा झाला. नेतीने माझ्या नाकाला एकच गोष्ट पक्की शिकवली होती: पाण्याचा स्पर्श झाला की अडवायचे नाही, सैल सोडायचे आणि तोंड उघडायचे. धरणात मी दर वेळी नेमके तेच करत होते. चेहऱ्यावर पाणी आले की माझे तोंड आपोआप उघडे, नाक यजमानासारखे दारात उभे राही, आणि सगळे धरण पाहुणे म्हणून आत येई. माझ्याइतके पाणी त्या प्रशिक्षकाच्या कुठल्याच शिष्याच्या नाकात गेले नसेल. त्याचे “आदत होऊन जाते” हे माझ्या बाबतीत आधीच झालेले होते, आणि तीच अडचण होती.

काठावर जवळच्या वस्तीवरच्या मेंढ्या चरायला येत. मेंढ्यांबरोबरच्या दोन बायका खडकावर बसून आमचा खेळ पाहत. पाण्यावरून आवाज लांब येतो, हे त्यांना माहीत नसावे, किंवा असावे.

“अगं, ती पाय वर करून कशाला निजली?”

“निजली न्हाय, नावंला बांधून धुत्यात तिला.”

“मग निघाली का स्वच्छ?”

“अजून कुठं. पुढल्या ऐतवारी परत आणत्याल.”

मला हसू आले, आणि हसताना नाकातून जे काही आले ते सांगण्यासारखे नाही.

थोड्याच दिवसांत ताप आला, कपाळ ठणकू लागले आणि गालफडे सुजली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिले आणि विचारले, “तुम्ही करता काय?” मी सांगितले. त्यांनी दुर्बीण काढली, चष्मा पुसला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. दोन आठवडे औषधे घेतली. ताप गेला, सूज उतरली, पण त्यानंतर मला वास येणे जवळजवळ बंद झाले, ते आजतागायत. गॅस चालू राहिला आहे का, हे मी आता कान लावून ऐकते. दूध नासले का, हे चाखून ठरवते. आमच्या वसाहतीच्या आवारात कडुनिंब फुलतो तेव्हा सगळे थांबून खोल श्वास घेतात. मीही त्यांच्याबरोबर थांबते. आमची जमीन ज्या पाण्याखाली आहे तेच हे पाणी. आबांच्या जमिनीतला माझा वाटा मला असा नाकातून मिळाला.

मी तिथेच थांबायला हवे होते, हे डॉक्टरांनी सांगितले आणि मलाही पटले. पण उद्घाटन तीन आठवड्यांवर आले होते आणि आबा येणार होते.

आजारपणात नेती बंद होती, तरी योगवर्गाला मी जात असे. एका सकाळी सगळ्या बायका भ्रामरी करत होत्या. तोंड मिटून, भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायचा, असा तो प्राणायाम. मी लाजरी असल्याने नेहमी तो मनातल्या मनात केल्यासारखा करत असे. इतक्या बायकांत घशातून आवाज काढणे मला कधी जमले नव्हते. त्या दिवशी शेजारणीचा गुंजारव ऐकता ऐकता सहज तिच्याकडे पाहिले. तिच्या नाकासमोर डोक्यावरच्या पदराचा एक धागा लोंबत होता आणि तो एकसारखा थरथरत होता. गुंजारव सुरू होता तोवर हवा नाकातून बाहेर येत होती, न तुटता, एकाच दाबाने. तोंड बंद, आवाज चालू, नाकातून हवा बाहेर. जी हवा बाहेर निघाली आहे तिच्या वाटेने पाणी आत येत नाही. हे मी मुलांना नळ्या आणि फुगे घेऊन कितीदा शिकवले असेन. स्वतःच्या नाकाच्या बाबतीत मात्र मला ते सुचले नव्हते.

पुढच्या रविवारी मी पाण्यात पाठीवर निजले. दोर ताणला जाईपर्यंत थांबले, कारण आधीच सुरुवात केली तर हवा ऐन वेळी संपते. दोर ताणला आणि मी गुंजारव सुरू केला. इंजिनाच्या आवाजात तो कोणाला ऐकू येणार नव्हता, म्हणून मी तो मोठ्याने केला. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी काहीच म्हटलेले नाही. पाणी चेहऱ्यावरून गेले, कानांत गर्जले, आणि नाकाच्या दाराशी येऊन परत गेले. मी उठून बसले. टाचा टेकवताना अडखळले आणि पडले. पण पडतानाही गुंजारव तोडला नाही, डोके पाण्याबाहेर येईपर्यंत चालू ठेवला. नाक कोरडे होते. मी पाण्यात तरंगत राहिले आणि मला रडू आले. प्रशिक्षकाला वाटले, लागले.

म्हणून सांगते: श्वास रोखू नका, सोडा. तोंड मिटा. खालच्या, जाड स्वरात गुंजारव करा, म्हणजे हवा पुरते. पाण्याबाहेर डोके येईपर्यंत तो तोडू नका. पडताना हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे नाकपुड्या पाण्याला सामोऱ्या जाणार नाहीत. आणि जलनेती ही फार चांगली गोष्ट असेल, पण ती या कामाची नाही.

उद्घाटनाआधीच्या रविवारी मी उभी राहिले, आणि राहिले ते राहिलेच. खडकावरच्या दोघींपैकी एक उठून उभी राहिली. “आरं, चालली की ती,” असे काहीसे ती म्हणाली. त्यापलीकडचे मला ऐकू आले नाही.

उद्घाटनाच्या दिवशी माळावर मंडप घातला होता, पाहुणे होते, ध्वनिक्षेपक होता. मला सकाळीच पलीकडच्या काठावर नेले, कारण भावाची योजना अशी, की नाव दुरून यावी आणि मंडपासमोरून जावी. तिथे मासे धरणाऱ्या एका भोयाच्या झोपडीत मी कपडे बदलले: अंगभर काळा रबरी पोशाख, डोक्याला घट्ट टोपी. पलीकडून पाहिले तर मंडपातल्या पुढच्या रांगेत पांढरा फेटा दिसत होता. आबा आले होते. इतक्या वर्षांनी ते त्या पाण्यासमोर बसले होते.

नाव भाऊ स्वतः चालवणार होता. निघण्यापूर्वी तो म्हणाला, “आक्का, मंडपापाशी आल्यावर हसत ये. त्वांड मिटून येती ते चांगलं दिसत न्हाय.”

“हसले तर बुडेन,” मी म्हणाले.

त्याने खांदे उडवले आणि इंजिन सुरू केले.

मी हसले नाही. मी उभी राहिले आणि मंडपासमोरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, पडले नाही. तळवे जळत होते, पाण्याची दोन पांढरी पिसे माझ्या टाचांमागे उडत होती, आणि मी एवढेच पाहत होते की तो पांढरा फेटा माझ्याबरोबर डावीकडून उजवीकडे वळतो आहे. तो वळत होता. ते मला पाहत होते. आमचा मळा त्या पाण्याखाली नेमका कुठे हे मला कधीच दाखवता आले नाही, पण मी त्यावरूनच गेले असणार. दुसरीकडून जायला तिथे जागा नाही.

कपडे बदलून, साडी नेसून, ओले केस पदराखाली घेऊन मी मंडपात आले तेव्हा भाषणे संपली होती आणि चहा चालू होता. आबा खुर्चीवरच होते. भाऊ शेजारी उभा होता.

“कुठं व्हतीस गं इतका वेळ?” आबा म्हणाले. “बघायचं व्हतंस तू. एक पोरगी पाण्यावरून गेली. उभीच्या उभी. पायात काय बी न्हाय.”

मी भावाकडे पाहिले. तो पाहुण्यांकडे पाहत होता.

“कुणाची हाय रे ती?” आबांनी त्याला विचारले.

“बाहेरची हाय आबा. माइकवर सांगितलं की, शहरातली खेळाडू म्हणून.”

“धीराची हाय.” आबांनी मान हलवली. “बापानं लई धीरानं वाढवली आसंल.”

माझ्या हातात कोणीतरी चहाचा कप दिला होता. भाऊ मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “आत्ता नको आक्का. सगळी भावकी बसलीय. तसल्या कपड्यात तू व्हतीस म्हणल्यावर आबाला कसं वाटंल? मी सांगतो नंतर.” त्याचा स्वर प्रेमळ होता. रजिस्ट्री कचेरीच्या दारात तो असाच बोलला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात नाव होती, नाव चालवणारा भाऊ होता, आणि मागे पाण्याचा पांढरा फवारा होता.

त्याने नंतर काही सांगितले नाही. आबा मात्र सांगत राहिले. कोणी भेटायला आले की त्या पोरीचा विषय निघे. धरणाचे नाव ज्यांनी तोवर तोंडी घेतले नव्हते, ते आता ते पाणी कसे चमकत होते तेही सांगत. एकदा माझ्या चुलतबहिणीसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हिच्यासारखी न्हाय. ही लई भित्री. शाळा शिकली म्हणून निभावलं.” सगळे हसले. मी पण हसले असेन.

त्यानंतरच्या दिवाळीत मी त्यांना सांगितले. आम्ही तिघेच चिकलठाण्याच्या घरी ओसरीवर बसलो होतो. भाऊ मोबाइलवर काहीतरी पाहत होता.

“आबा, ती मी होते,” मी म्हणाले.

“कोण?”

“पाण्यावरची. ती पोरगी. मी होते.”

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. मग ते हसले, लहान मुलाच्या थापेला हसावे तसे, मायेने. “तू? तू कशी आसशील? ती केवढी, तू केवढी. मास्तरीणबाई हायेस तू.”

“याला विचारा,” मी म्हणाले.

भावाने मान वर केली नाही. “जाऊ दे ना आक्का. जुनं झालं आता ते.”

“आसू दे, आसू दे,” आबांनी माझ्या गुडघ्यावर थोपटले. “तुला बी आवडलं आसतं तसं कराया. कळतंय मला.”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. जलक्रीडा केंद्र दोन हंगाम चालले आणि बंद पडले; ती नाव अजून कारखान्याच्या मागे ताडपत्रीखाली पडलेली आहे. आबांना जाऊनही आता काही वर्षे झाली. शेवटच्या आजारपणात एका दुपारी ते मला म्हणाले, की आयुष्यात बघायसारखं बरंच बघितलं, त्यात ती पोरगी एक. मी त्यांच्या उशीचा अभ्रा नीट केला.

मी विज्ञान शिकवलेली बाई आहे. एखादी गोष्ट घडली की नाही हे कसे ठरवायचे, हे मला ठाऊक असायला हवे. इथे मात्र मला ते ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते: माझ्या वडिलांनी मला उभी राहिलेली पाहिले की नाही?